साओ पावलोला येण्याआधी: ब्राझिलियन कोण, आणि त्यात तुम्ही कुठे

तुमचे प्रश्न तीन आहेत. ब्राझिलियन माणूस मुळात कसा असतो. फुटबॉल, सांबा, कार्निव्हल सोडून त्यांची स्वतःची म्हणावी अशी काही ओळख आहे की सगळी पोर्तुगालची उसनवारी. आणि तुम्ही दोघं व तुमची सात वर्षांची मुलगी साओ पावलोत परके दिसाल का. व्हिसा, घरभाडं, पगाराचा हिशेब हे कंपनीवाले सांगतील, त्यात मी पडत नाही. मी साओ पावलोपासून शंभरेक किलोमीटरवर कंपिनासला राहते. माझी दोन्ही मुलं इथेच वाढली, त्यामुळे तुमचे हे प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर बरेचदा वाजलेले आहेत. ताई म्हणालात, तेव्हा जरा मोकळेपणाने लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी. नाही दिसणार. म्युनिकला भारतीय माणूस रस्त्यात उभा राहिला की तो कुठून तरी आलाय हे दहा पावलांवरून कळतं. इथे तुम्ही बसथांब्यावर उभे असताना एखाद्या आजीबाई सरळ पोर्तुगीजमध्ये विचारतील, अहो, ही गाडी मेट्रो स्टेशनला जाते का? तुम्ही गडबडलात तर त्यांना वाटेल तुमचं लक्ष नाही, किंवा कमी ऐकू येतं. तुम्ही परदेशी असाल ही शंका त्यांना सगळ्यात शेवटी येते. ब्राझीलचा पासपोर्ट चोरांना फार आवडतो असं इथले लोक हसत सांगतात, कारण त्यावर कुठलाही चेहरा खपतो.

आणि खरोखरच कुठलाही. साओ पावलोच्या लिबेरदाजी भागात तुम्हाला जपानी तोंडवळ्याचे आजोबा अस्सल गल्लीतल्या पोर्तुगीजमध्ये भाव करताना दिसतील. १८ जून १९०८ ला 'कासातो मारू' नावाचं जहाज सान्तोस बंदराला लागलं, कॉफीच्या मळ्यांसाठी जपानी मजूर घेऊन. आज जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती याच देशात आहे. दक्षिणेला ब्लुमेनाउमध्ये जर्मनांचे पणतू आहेत. कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळणारे इस्फिया आणि किबी हे सिरिया-लेबनॉनहून आलेल्या फेरीवाल्यांच्या घरचे पदार्थ. त्याच लेबनीज स्थलांतरितांचा मुलगा, मिशेल तेमेर, २०१६ ते २०१८ राष्ट्राध्यक्ष होता. या सगळ्यांना कोणी 'मूळचे कुठले' असं विचारतं, पण गप्पांसाठी. उत्तर काहीही असलं तरी ब्राझिलियनपणात फरक पडत नाही. इथल्या मातीवर जन्मलेलं मूल जन्मतःच नागरिक होतं, आईबाप कुठल्याही देशाचे असोत; फक्त ते आपल्या सरकारच्या नोकरीवर इथे आलेले नसावेत.

म्हणजे ही ओळख रक्ताची नाही. पण ती आपोआप उगवलीय, या लोकांचा स्वभावच मुळी मोकळा आहे, असं जे तुम्हाला पर्यटनाच्या जाहिरातींतून वाटेल, ते सोडून द्या. ही ओळख ठरवून घडवलेली आहे, आणि घडवताना भरपूर दांडगाई झालेली आहे. ते माहीत नसेल तर इथलं हसणं कळतं, गप्प बसणं कळत नाही.

थोडक्यात सांगते. गुलामांच्या व्यापारात सर्वांत जास्त आफ्रिकी माणसं ज्या देशात उतरवली गेली तो हा देश, साधारण ४८ लाख. गुलामी संपली १३ मे १८८८ ला, दोन्ही अमेरिकांत सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली ना पैसा. वरच्या वर्गाला मात्र चिंता लागली की आपला देश फार काळा आहे. मग उपाय निघाला: युरोपातून गोरे लोक सरकारी खर्चाने आणायचे, म्हणजे दोन-चार पिढ्यांत रंग उजळेल. १८९० च्या एका हुकुमात तर स्थलांतरितांना बंदरं खुली करताना आफ्रिका आणि आशियातल्या मूळ रहिवाशांना वगळलं होतं. संसदेची खास परवानगी असेल तरच प्रवेश. त्या यादीत तुम्ही-आम्हीही होतो, हे लक्षात असू द्या. रिओच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात मोदेस्तो ब्रोकोस या चित्रकाराचं १८९५ चं एक चित्र आहे. काळी आजी, निमगोरी आई, गोरा बाप, आणि आईच्या मांडीवर गोरंपान बाळ. आजी आकाशाकडे हात करून देवाचे आभार मानतेय. चित्र सुंदर रंगवलंय. मी त्याच्यासमोर फार वेळ थांबू शकले नाही, कारण सून गोरी आणली म्हणून आनंदलेल्या सासवा आपणही पाहिल्यात.

चाकं फिरली ती १९२० नंतर. फेब्रुवारी १९२२ मध्ये साओ पावलोच्या म्युनिसिपल थिएटरात आधुनिक कलेचा सप्ताह झाला आणि तरुण लेखक-चित्रकारांनी युरोपची नक्कल बंद करा म्हणून आरडाओरडा केला. त्यांच्यातल्या ओस्वाल्द दे आन्द्रादे याने १९२८ मध्ये एक जाहीरनामा लिहिला, नाव 'नरभक्षक जाहीरनामा'. किनाऱ्यावरच्या काही तुपी आदिवासी टोळ्या शत्रूला मारून खात. ओस्वाल्द म्हणाला, आपणही तेच करू. युरोपला खाऊ, पचवू आणि आपलं काहीतरी बाहेर काढू. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, उसनवारीच्या प्रश्नाचं, त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर हे आहे. मला ते आवडतं, कारण त्यात शुद्धतेचा आव नाही. आमच्याकडे सगळं होतंच, असं हे लोक म्हणत नाहीत.

पण कवी लोक काय म्हणतात यावर देश चालत नाही. देशभर ही ओळख पोचवली जेतुलियो व्हार्गासने. १९३० ला सत्तेत आला, १९३७ पासून उघड हुकूमशहा. कापोएरा, म्हणजे गुलामांच्या वंशजांची ती नाचासारखी मारामारी, १८९० च्या फौजदारी कायद्यात गुन्हा होती. व्हार्गासच्या काळात तिला मान्यता मिळाली. रिओच्या काळ्या वस्त्यांमधला सांबा, ज्याच्यामागे पोलीस लागायचे, तो सरकारी रेडिओवरून राष्ट्राचा आवाज म्हणून वाजू लागला. त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं? १९३८ पासून परदेशी भाषांतल्या शाळा मोडून काढल्या. युद्धकाळात तर जर्मन, इटालियन, जपानी चारचौघांत बोलायला बंदी. लिबेरदाजीतल्या त्या आजोबांचं अस्सल पोर्तुगीज काही नुसत्या प्रेमातून आलेलं नाही.

आणि १९३३ मध्ये जिल्बेर्तो फ्रेयरे या अभ्यासकाने मळेवाल्याचा वाडा आणि गुलामांची झोपडी यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, मिश्रण ही आपली लाज नाही, ताकद आहे. त्या काळात हे बोलायला धाडस लागत होतं. पुढे त्यातूनच 'आमच्याकडे वंशभेद नाहीच' अशी गोड समजूत तयार झाली. युनेस्कोने १९५० च्या सुमारास, बघू तरी यांना कसं जमलं, म्हणून अभ्यास करवला. साओ पावलोत फ्लोरेस्तान फेर्नान्देस आणि रोजे बास्तीद यांना आढळलं की भेदभाव भक्कम आहे, फक्त कोणी बोलत नाही.

तो आजही कुठे दिसतो हे सांगते, कारण तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्याच्यात पाय ठेवाल. लिफ्टमध्ये. इथल्या बऱ्याच इमारतींत दोन लिफ्ट असतात, एक रहिवाशांची आणि एक 'सेवेची': सामान, कुत्री, डिलिव्हरी आणि कामवाल्या बायका. साओ पावलो शहरात १९९६ चा कायदा आहे की वंश, रंग, मूळ, सामाजिक स्थिती अशा कारणांवरून लिफ्ट वापरण्यात भेदभाव केल्यास दंड होईल, आणि तशी पाटी लावणं सक्तीचं आहे. ज्या गोष्टीसाठी प्रत्येक इमारतीत पाटी ठोकावी लागते ती किती मुरलेली असेल, हे बालेवाडीच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे एक कोंदट खोली असेल, खाट जेमतेम मावेल एवढी. ती मोलकरणीची. एजंट तुम्हाला ती 'स्टोअर' किंवा 'होम ऑफिस' म्हणून दाखवील.

इथेच आपले लोक घसरतात. भारतातून कंपनीने पाठवलेलं कुटुंब बहुधा अल्फाव्हिलसारख्या भिंतीआडच्या वसाहतीत उतरतं, ओळखी गोऱ्या, पैसेवाल्या घरांशी होतात, आणि पुण्यातून आलेल्याला ती सगळी रचना इतकी ओळखीची वाटते की प्रश्नच पडत नाही. मोलकरणीला जिन्यात बसून जेवायला लावणारे भारतीय मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल इमारतीत काय बोललं जातं तेही ऐकलंय. २०१३ च्या घटनादुरुस्तीनंतर घरकामगारांना आठवड्याला ४४ तासांची मर्यादा, ओव्हरटाइम आणि आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखा निधी हे हक्क आहेत. एकच बाई आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस तुमच्याकडे आली की ती कायद्याने तुमची कर्मचारी होते. वंशद्वेष हा घटनेनुसार जामीन न मिळणारा गुन्हा आहे, आणि २०२३ पासून रंगावरून व्यक्तीला केलेली शिवीगाळही त्याच कायद्यात आली. तेव्हा 'गोरी', 'सावळी', 'अंग उजळ आहे हो हिचं' ही आपली सहज बोलली जाणारी वाक्यं विमानतळावरच ठेवून या.

रंगाचा हिशेब मात्र आपल्या जातीच्या हिशेबापेक्षा वेगळा चालतो, आणि हे कळायला मला वेळ लागला. आपल्याकडे जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून आडनाव विचारतात, गाव विचारतात, दाखला आजा-पणजापर्यंत जातो. इथे आडनावावरून काही कळत नाही. निम्मा देश सिल्व्हा, सांतोस आणि सौझा आहे. इथे माणूस बघतात. ओरासी नोगेरा या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच लिहून ठेवलं की अमेरिकेतला पूर्वग्रह माणसाच्या मुळावर जातो आणि ब्राझीलमधला त्याच्या खुणेवर. २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखीव झाल्या, आणि त्यांत वर्णानुसार वाटा ठेवला. त्या वाट्यासाठी अर्ज केलेल्या मुलाला विद्यापीठाची समिती समोर बसवून बघते. आजी काळी होती हा पुरावा चालत नाही. रस्त्यात लोक तुला काय समजतात, एवढाच प्रश्न. सख्ख्या भावंडांचे निकाल वेगळे लागू शकतात.

जनगणनेत पाच रकाने आहेत: गोरा, काळा, 'पार्दो' म्हणजे मिश्र सावळा, पिवळा म्हणजे पूर्व आशियाई, आणि आदिवासी. २०२२ मध्ये पार्दो ४५.३ टक्के झाले आणि १९९१ पासून पहिल्यांदाच गोऱ्यांच्या, ४३.५ टक्क्यांच्या, पुढे गेले. आपल्यासाठी रकाना नाही. माझ्या मुलीने मुकाट्याने 'पार्दा' सांगितलं. मुलगा प्रगणकाशीच वाद घालत बसला की आशियाई मीही आहे, मग मला पिवळ्यात का नाही टाकत. ती बिचारी हसून म्हणाली, तुम्ही सांगाल ते लिहिते.

आता प्रांतांबद्दल, कारण 'ब्राझिलियन' म्हणून जे तुम्ही शिकाल ते खरं तर साओ पावलोचं असेल. या शहराला घाई आहे, काम आहे, आणि ईशान्येकडून, म्हणजे नोर्देस्तेतून, आलेल्या मजुरांच्या घामावर ते उभं आहे. दुष्काळी भागातून ट्रकच्या लाकडी बाकांवर बसून ही माणसं आली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला लुलासुद्धा १९५२ मध्ये सात वर्षांचा असताना पेर्नाम्बुकोतून आईभावंडांबरोबर असाच आला. साओ पावलोत अशा माणसाला, तो कुठल्याही राज्यातला असो, 'बाईयानो', म्हणजे बाईया राज्यातला, म्हणून हिणवतात, रिओत 'पाराईबा', हेही ईशान्येतल्याच एका राज्याचं नाव. मुंबईत 'भैया' हा शब्द ज्या सुरात वापरतात तो सूर तुम्हाला आठवेल. गंमत अशी, की जगाला ब्राझीलचं म्हणून जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्याच बाईयाहून आलेलं. रिओचा सांबा घडला तो बाईयाहून तिथे आलेल्या तिया सियातासारख्या बायकांच्या घरांमागच्या अंगणात, आणि आजही रिओच्या कार्निव्हल मिरवणुकीत प्रत्येक सांबा-शाळेला, म्हणजे सांबा पथकाला, घेरदार घागऱ्यातल्या 'बाईयाना' बायकांचा जथा आणावाच लागतो. जमलं तर पहिल्याच वर्षी बाईयाच्या राजधानीला, साल्व्हादोरला, जाऊन या. दक्षिणेचे गाउशो लोक, हातात 'माते' नावाच्या गरम, चहासारख्या पेयाचा पेला घेऊन फिरणारे, हे अगदी वेगळं प्रकरण. त्यांना १८३५ च्या बंडाचा अजून अभिमान आहे आणि ते दर सप्टेंबरात घोड्यावरून तो मिरवतात.

धर्माबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. २०२२ च्या जनगणनेत कॅथलिक ५६.७ टक्के, इव्हॅन्जेलिकल २६.९ टक्के. कॅथलिकांची राष्ट्रीय माउली म्हणजे अपारेसिदा: १७१७ मध्ये तीन कोळ्यांच्या जाळ्यात नदीतून आलेली मातीची, काळी, हातभर उंचीची मूर्ती. १२ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, आणि साओ पावलो-रिओ महामार्गाच्या कडेने लोक दिवस-दिवस चालत तिच्या गावी जातात. सावळ्या मूर्तीकडे पायी निघालेली माणसं बघून तुम्हाला काय आठवेल ते सांगायला नको. १९९५ मध्ये एका इव्हॅन्जेलिकल पाद्र्याने टीव्हीवर तिच्या प्रतिमेला लाथा घातल्या, त्याची जखम अजून बोलण्यात येते. आफ्रिकी देवतांच्या कांदोंब्ले आणि उंबांदा या पंथांची देवळं तर आजही फोडली जातात. आणि तरीही ३१ डिसेंबरच्या रात्री अर्धा देश पांढरे कपडे घालून समुद्रावर जातो, सात लाटांवरून उड्या मारतो आणि इमांजा या समुद्रदेवीला फुलं सोडतो. त्यातले कित्येक पुढच्या रविवारी चर्चमध्ये असतात. पांढरं कशाला घालता, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. इथे ते शुभ आहे.

रोजच्या वागण्यात काय? आडनाव कोणी वापरत नाही. डॉक्टर, मुख्याध्यापिका, राष्ट्राध्यक्ष, सगळे पहिल्या नावाने. वयस्कर बाईंना 'दोना' आणि नाव, बुवांना 'सेउ' आणि नाव; आपल्या ताई-काकांना जवळचं आहे, चटकन जमेल. बायकांना गालाला गाल लावून अभिवादन करतात, साओ पावलोत एकदा, रिओत दोनदा. पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. तुमच्या मिस्टरांना पहिले काही दिवस हात कुठे ठेवावा कळणार नाही, चालतं. दुपारच्या जेवणानंतर ऑफिसच्या बेसिनपाशी सगळे ओळीने दात घासतात. दिवसातून दोनदा आंघोळ ही किमान अपेक्षा, आणि युरोपियन लोक आंघोळ करत नाहीत हा यांचा लाडका विनोद. वाढदिवसाला सातला बोलावलं तर साडेसातला जा. बरोब्बर सातला गेलात तर यजमानीण केस पुसत दार उघडेल.

'कधीतरी घरी या हं' हे इथेही म्हणतात, आणि पत्ता देत नाहीत. तोंडावर नाही म्हणणं यांना जमत नाही. ऑफिसात 'बघतो' असं उत्तर आलं की काम झालं असं समजू नका; आपण स्वतः असेच असल्यामुळे तुम्हाला हे जर्मन माणसापेक्षा लवकर उमगेल. जवळीक झटपट होते, मैत्री नाही. ज्यांच्याबरोबर रोज दुपारी हसून जेवता ते सहकारी रविवारी आपल्या आईकडे जेवतात, आणि तिथे बोलावणं यायला वर्ष लागू शकतं. आलं की मग मात्र तुम्ही घरचे. आणखी एक वाक्य तुमच्या कानावर येईल: 'तुम्ही कोणाशी बोलताय, माहीत आहे का?' बँकेच्या रांगेत, पार्किंगमध्ये. रोबेर्तो दामाता या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या एका वाक्यावर सबंध प्रकरण लिहिलं: वरवर सगळे समान, पण कायदा आडवा आला की मोठा माणूस आपलं मोठेपण काढतो. आपल्याकडे 'तू मला ओळखत नाहीस' म्हणतात, तेच.

आणि हे लोक स्वतःच्या देशाला नावं ठेवण्यात पटाईत आहेत. भारतातून आलो म्हटलं की पहिला प्रश्न, 'इथे कशाला आलात?' भ्रष्टाचार, रस्ते, कर, नेते, तासभर ऐकाल. मान डोलवा, पण भर घालू नका. परक्याने दोन वाक्यं जास्त बोलली की हवा गार होते. नेल्सन रोद्रिगेस या नाटककाराने १९५८ मध्ये याला 'भटक्या कुत्र्याचा न्यूनगंड' म्हटलं. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ असा हरल्यानंतर देश जो खचला, त्याबद्दल तो बोलत होता. त्या पराभवानंतर पांढरा शर्ट टाकून देऊन नव्या शर्टासाठी स्पर्धा घेतली, पिवळा शर्ट आला, आणि पाच विश्वचषक आले. २०१४ मध्ये जर्मनीने घरच्या मैदानावर ७-१ हरवलं. आजही काही बिनसलं की लोक 'सात-एक' म्हणतात. पण तो भटका कुत्राही आता लाडका झालाय. २०२० मध्ये २०० रेआलची नोट निघणार कळल्यावर, तिच्यावर गल्लीतला कॅरॅमल रंगाचा कुत्रा छापा म्हणून लोक हट्ट धरून बसले होते. छापला लांडगा.

पिवळ्या शर्टाबद्दल एक सूचना. गेल्या दहा-बारा वर्षांत तो उजव्या बाजूच्या मोर्चांचा गणवेश झाला. ८ जानेवारी २०२३ ला राजधानी ब्राझिलियात संसद आणि न्यायालयात घुसलेला जमावही तोच घालून होता. विश्वचषकात घाला, खुशाल घाला. निवडणुकीच्या महिन्यात मुलीला तो घालून शाळेत पाठवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. बाकी सामन्याच्या दिवशी ऑफिसं बंद होतात, ते खरं आहे.

भारताबद्दल यांना काय माहीत आहे? थोडं, पण अनपेक्षित. २००९ मध्ये ग्लोबो वाहिनीवर 'कामिन्यो दास इंदियास' नावाची मालिका आली. ब्राझिलियन नटनट्या साड्या-फेट्यांत पोर्तुगीज बोलत होते, आणि 'अरे बाबा!' हा उद्गार देशभर पसरला. टॅक्सीवाला तुम्हाला तो ऐकवणारच. नायिकेचा प्रियकर दलित होता, त्यामुळे जातीबद्दल प्रश्न येतील, आणि ते सरळ येतील. 'आता तसं काही राहिलं नाही' असं उत्तर देऊ नका. तुम्ही वर वाचलंत ना, हे लोक तशा उत्तरात वाढलेत, लगेच ओळखतात. खेड्याकडे गेलात तर भारत म्हणजे गाय. ओंगोलची बैलजात इथे नेलोरे झाली, गीर आणि कांकरेजही आल्या, आणि उबेराबा हे गाव त्यांच्या पैदाशीची पंढरी बनलं. तिथल्या शेतकऱ्याला गीरबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. फक्त तो नेलोरे खातो. आणि साल्व्हादोरच्या कार्निव्हलमध्ये 'फिल्योस दे गांधी', गांधींची लेकरं: १९४९ मध्ये, गांधींच्या हत्येच्या पुढच्या वर्षी, बंदरावरच्या हमालांनी काढलेला जथा. पांढरे झगे, टॉवेलचे फेटे, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, हजारो पुरुष, आणि ताल कांदोंब्लेच्या देवळातला. ते बघताना मला हसूही आलं आणि डोळेही भरले. नरभक्षक जाहीरनामा वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं.

जेवणाचं थोडं. भात आणि घेवड्याची उसळ, रोज, गरीब-श्रीमंत सगळ्यांकडे. शाकाहाऱ्याचं पोट भरतं. पण उसळीत डुकराचे तुकडे असतात, विचारून घ्या. 'मांस नको' म्हटलं तर चिकन आणतील, कारण मांस म्हणजे बीफ. किलोवर वजन करून मिळणारी जेवणं दुपारी सोयीची, भाज्या भरपूर. आपण उपासाला खातो तो साबुदाणा ज्या कंदाचा, तो मॅनिऑक मूळचा इथलाच. दुकानात साबुदाणा 'सागू' नावाने मिळतो. दक्षिणेकडे तो लाल वाइनमध्ये शिजवून गोड म्हणून खातात. एकादशी सोडून कधीही खाऊन बघा.

मुलीचं सांगते आणि थांबते. इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळेचा मोह टाळा, निदान पहिली दोन वर्षं. तिथे ती भारतीयच राहील, पोर्तुगीज शाळेत सहा महिन्यांत कोणाची तरी जिवलग होईल. मुलांना इथे सगळे उचलून घेतात, केस कुरवाळतात. हॉटेलात रात्री अकराला पोरं पळत असतात आणि कोणी डोळे वटारत नाही. जूनमध्ये शाळेत सांत जुआंवचा उत्सव असेल: चौकड्यांचा शर्ट, गवती टोपी, गालांवर काढलेले ठिपके, मक्याचे पदार्थ, खोटं लग्न. तुमची मुलगी नाचून येईल आणि घरी पोर्तुगीजमध्येच बोलायला लागेल. मराठी टिकवायची असेल तर ती फक्त तुमच्या घरात टिकेल; बाहेरून मदत नाही, आमच्या गावात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, आणि बऱ्याच शाळा अर्ध्या दिवसाच्या असतात, सकाळची पाळी किंवा दुपारची. दोघंही नोकरी करणार असाल तर हे आधी ठरवा. कार्निव्हल संपेपर्यंत सरकारी कामं रेंगाळतात, म्हणून जमल्यास जानेवारीच्या सुरुवातीला पोचा आणि तिघांचाही सीपीएफ क्रमांक, म्हणजे इथला करदाता क्रमांक, लगेच काढा. सिमकार्ड, बँक खातं, औषधाच्या दुकानातली सवलत, सगळीकडे आधी तोच विचारतात. पोर्तुगीजचा क्लास मात्र आत्ताच, पुण्यातच सुरू करा; शिकवताना ब्राझीलचे उच्चार असतील हे बघून घ्या, लिस्बनचे नकोत.